नानांची मोटार आणि कापसाचा उपाय

मोटारीला पोहता येत नाही, हे मला लग्नाच्या वयात आल्यावर कळलं.

चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. मला मुलगी दाखवायला सोनगीरचे माझे मामा, म्हणजे नाना, आपली जुनी मोटार घेऊन सावद्याला निघाले; चालवायला मी. मध्यस्थाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरगा मोटारीतला मोठा जाणकार शे!" (मला मोटार चालवता येत होती. बॉनेट कुठून उघडतं, ते ठाऊक नव्हतं.)

सावद्याच्या अलीकडे नाल्याला अवकाळी पावसाचा लोंढा आलेला.

"थांब रे, पानी शे!" नाना ओरडले.

"नाना, पाण्याला वेग दाखवायचा असतो!" मी म्हणालो आणि दाखवला. बरोब्बर मधोमध मोटारीनं चार गुळण्या केल्या नि डोळे मिटले!

शेतकऱ्यांनी ढकलून काठावर काढली. एकानं प्लग काढून दिले. आत पाणीच पाणी! आता नाना पडले कापसाचे व्यापारी. नमुन्याचं गाठोडं कायम गाडीत.

"कापूस शे ना! बठ्ठं पानी पी टाकी!"

कापूस सगळं पाणी पिऊन टाकेल, यावर जाणकार म्हणून मी गंभीरपणे मान डोलावली. प्लगच्या प्रत्येक भोकात आम्ही सरकीसकट कापूस ठासला, वरून प्लग आवळले. मोटार सुरू करायला पुढचं हॅण्डल फिरवायला गेलो, तर ते तसूभर हलेना! शेवटी दोन बैल जुंपून आमची वरात मुलीच्या दारात पोचली.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. मोटारीकडे पाहिलं, बशा माझ्या हातात दिल्या आणि पदर खोचला. केळीच्या मळ्यातलं विहिरीवरचं इंजिन रोज तीच चालवायची. वाकड्या तारेनं तिनं सगळा कापूस ओढून काढला.

"आता फिरवा."

मी हॅण्डल मारलं. भोकांतून पाण्याची पिचकारी थेट वाकून बघणाऱ्या नानांच्या टोपीवर! इंजिनातलं तेल खालून सोडलं, तर पाणी मिसळून पांढुरकं, थेट दुधाच्या चहासारखं. नवं तेल भरलं, प्लग चुलीजवळ वाळवून बसवले आणि मोटार खोकत खोकत सुरू झाली.

मुलीचे वडील माझ्याकडे वळले. "काहो भाऊ, तुमी तं जाणकार ना?"

नानांनी आभाळाकडे पाहिलं. माझं लग्न त्या कापसाबरोबर पार भिजलं होतं.

"मला काहीच येत नाही," मी म्हणालो.

"बाबा, हो म्हना," मुलगी हात पुसत म्हणाली. "घरात एक जाणकार पुरे. दोन झाले तं रोज भांडनं व्हतीन!"

अडाणीपणाच्या जोरावर मला आयुष्यात मिळालेली ही एवढी एकच गोष्ट. म्हणून तो अडाणीपणा मी आजतागायत जिवापाड जपलाय!