किनारीतली मोकळी पट्टी

आई गेल्यावर तिच्या लुगड्याचा काठ मी गोधडीच्या किनारीत पट्टी म्हणून लावून घेतला. शिवणाऱ्या मावशी पट्टी आली की मशीनची सुई बाजूने वळवून घेत. म्हणाल्या, "हिच्यावरून टाका नको, बाई. एका अंगाने मोकळीच राहू दे."

सांगायचं असूनही सांगवत नसलं, की आई पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसायची.

रोज सकाळी ती पट्टी एका जागी गुंडाळलेली दिसे. वाटायचं, झोपेत मीच करत असेन. परवा गावाहून परतले, जाताना पट्टी इस्त्रीने सपाट करून कपाटात ठेवलेली गोधडी उलगडली. पट्टी तिथेच गुंडाळलेली, आत बोटाएवढी पोकळी.

टाके घातलेलं गप्प पडतं. मोकळं सोडलेलं पडत नसावं.

पट्टी पुन्हा सपाट करायला तापवलेली इस्त्री मी बंद केली. गोधडी मांडीवर घेतली आणि म्हटलं, "सांग ना आता."