स्टोअरची यादी

"अगं, कॉन्व्हेंटची आहे ती. ते मशीन तिच्याशीच बोलणार," काचेपलीकडे टायपिस्ट बाई टेलिफोनवालीला म्हणाल्या.

"बोलतंय की! ऐक, टीं टीं करतंय."

दोघी हसल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवत पडद्याकडे बघत राहिले. मशीनमधली एक फाइल मी वाचायला उघडली होती आणि तिच्यातून बाहेर कसं पडायचं ते मला कळत नव्हतं. कुठलंही बटण दाबलं की मशीन टीं करायचं. शेवटी पाऊण तासाने पुस्तकात सापडलं. तोवर डब्याची सुट्टी संपून गेली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या त्या कारखान्यात लागून मला तीन महिने झाले होते. त्याआधी कॉलेज रोडला कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. तिथलं मशीन साधं होतं. अडकलं की बटण बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. कारखान्यातलं वेगळं होतं. टेबलाखाली एक मोठं खोकं आणि त्याला जोडलेले तीन पडदे. ते मधेच बंद केलं तर बिघडतं, असं दारावरच लिहिलेलं होतं. कोर्समध्ये पाठ केलेल्या आज्ञांपैकी एकही त्याला कळत नव्हती.

हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. एकदा सुरुवातही केली होती.

"पुस्तक इंग्लिशमध्ये आहे," साहेब म्हणाले, "तुझं शिक्षण इंग्लिशमध्ये झालंय. मग अडचण कुठे आहे?"

मी पुस्तक उचलून परत जागेवर येऊन बसले. शाळेतही मी विचारल्याशिवाय बोलत नसे, कुठल्याच भाषेत.

काम असं होतं. स्टोअरचा जुना प्रोग्रॅम काढायचा आणि पाच फ्लॉप्यांवर आलेला नवा घालायचा. दोन्ही मावतील एवढी जागा मशीनमध्ये नव्हती, म्हणून जुना आधी पुसावा लागणार होता. पुण्याच्या कंपनीचा माणूस येऊन हे करून देणार होता. साहेबांनी फोन करून त्याला नको म्हणून सांगितलं. "आपल्याकडे माणूस आहे," हे ते फोनवर बोलले, पण माझ्याकडे बघून.

जुन्या प्रोग्रॅममध्ये स्टोअरच्या काकांची यादी होती. काका सायखेड्याहून रोज एसटीने यायचे. नियमाप्रमाणे त्यांचं निवृत्तीचं वय झालं होतं, पण त्यांनी आणखी वर्षभराची मुदत मागितली होती आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. चार महिने एका बोटाने टाइप करून त्यांनी स्टोअरमधला प्रत्येक सुटा भाग मशीनमध्ये घातला होता. नंबर, माप, कुठल्या रॅकला आहे ते, आणि कामगार त्याला काय म्हणतात तेही. चाक दांड्यावर पक्कं बसवणाऱ्या अर्धचंद्रासारख्या एका लोखंडी चावीला कामगार 'करंजी' म्हणत. काकांनी यादीत करंजी लिहिलं होतं. "मी नसलो तरी नव्या पोराला सापडलं पाहिजे," म्हणायचे. यादी पुरी झाली तशी स्टोअरमधली जुनी कार्डं दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीत गेली. राहिली मशीनमधली यादी, जी जुन्या प्रोग्रॅमबरोबरच पुसली जाणार होती, आणि नव्यात घालण्यासाठी फ्लॉपीवर काढलेली तिची एक कॉपी.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. लेथला, प्रेसला हार घालून झाले आणि ताट आमच्या काचेच्या खोलीत आलं. चपला बाहेर काढून सगळे दाटीवाटीने उभे राहिले. काकांनी पडद्याला कुंकू लावलं, खोक्याला लावलं. मग त्यांनी यादीची फ्लॉपी कागदी पाकिटातून काढली, पाटावर ठेवली आणि ओल्या कुंकवाचं बोट तिच्यावर टेकवलं. फ्लॉपीला मधे एक लांबट खिडकी असते. त्यातून आतली तपकिरी चकती दिसते, आणि तिला हात लावायचा नसतो. कोर्सच्या पहिल्याच दिवशी ते शिकवलं होतं.

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण 'कुंकू लावू नका' हे त्या खोलीत मी म्हणायचं? माझं आडनाव सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात जाणार, हेही माहीत होतं. माझं बोलणं फ्लॉपीबद्दल आहे असं कुणालाही वाटलं नसतं. टायपिस्ट बाई माझ्याकडेच बघत होत्या. मी हात जोडले आणि पेढा घेतला.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी मी जुना प्रोग्रॅम काढायला बसले. पुस्तकात लिहिलं होतं की पुसण्याआधी कॉपी वाचून बघावी. त्या ओळीखाली मी स्वतः पेन्सिलीने रेघ मारली होती. पण कॉपी वाचायची आज्ञा लांबलचक होती आणि ती चुकली तर काय होईल याची मला भीती होती. साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले. "झालं का?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने परत, "झालं का?" मी पुसायची आज्ञा टाइप केली. कोर्समधलं मशीन सगळं पुसण्याआधी नक्की ना, असं विचारायचं. याने काहीच विचारलं नाही. क्षणभर लाल दिवा लुकलुकला आणि संपलं.

नवा प्रोग्रॅम मात्र नीट बसला. एक, दोन, तीन, चार, पाच. साहेब खूश होऊन गेले. मग मी काकांची फ्लॉपी आत सरकवली. मशीन करकरलं, थांबलं, परत करकरलं. वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. फ्लॉपी बाहेर काढली तर खिडकीत, चकतीवर, वाळलेला लाल ठिपका होता.

पुढचे दोन दिवस मी त्या खोलीत बसून होते. एसी चालू, दार बंद, चारी बाजूंनी काच. बाहेरून सगळ्यांना मी दिसत होते, म्हणून सतत काहीतरी टाइप करत राहावं लागे. नव्या प्रोग्रॅमची रिकामी यादी मी उघडायचे आणि मिटायचे. घरी जाताना बसमध्ये ठरवायचे की उद्या सांगायचं. सकाळी काका काचेवर टकटक करायचे.

"पोरी, गेली का माझी करंजी नव्या घरात?"

"काम चालू आहे, काका."

"चालू दे, चालू दे. घाई नाय."

शुक्रवारी साहेब स्वतः खोलीत आले. यादी अजून का दिसत नाही, त्यांनी विचारलं. मी टेबलावरच्या फ्लॉपीकडे बघितलं. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली आणि पुण्याला फोन लावला. बोलणं मिनिटभरात संपलं. अशी फ्लॉपी वाचता येत नाही, तिकडून सांगितलं. मग त्यांनी काकांना बोलावलं.

"हे कुंकू कुणी लावलं?"

काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "मीच, साहेब. लय कामाची वस्तू हाय, म्हणून लावलं."

"चार महिन्यांचं काम गेलं. कळतं का तुम्हाला? आणि तुम्हाला आणखी वर्षभर ठेवायचं म्हणताय!"

"माझंच चुकलं, साहेब," काका म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "पोरी, तुझी दोन दिवसाची मेहनत फुकट घालवली मी. मला सांगायचं तरी."

आता कुणीही मला काही विचारणार नव्हतं. साहेबांना उत्तर मिळालं होतं, काकांनी ते मान्य केलं होतं, आणि पुसण्याआधी काय करायचं राहिलं हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नुसतं गप्प बसलं की झालं असतं. ते मला जन्मभर जमत आलं होतं. काका दाराशी वाकून चपलेत पाय घालत होते, आणि चप्पल त्यांना नीट सापडत नव्हती.

मी उठून उभी राहिले. आवाज फाटला, काचेपलीकडच्या दोघींनी वर बघितलं.

"साहेब, यादी मशीनमध्ये चांगली होती. ती मी पुसली. कॉपी आधी वाचून बघायची असते, ते मला माहीत होतं, आणि मी बघितली नाही."