वहाणेलाही न चालणारं रबर

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, मोठमोठ्या फसवणुकी पाहिल्या. त्यातल्या निम्म्या आरोपींचे चेहरेही आता आठवत नाहीत. पण वहाणेच्या तळाएवढा रबराचा एक तुकडा मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगते.

तेव्हा मी सोलापूर–मोहोळ हमरस्त्यालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी तीनच्या सुमारास खबर आली की भाड्याची एक मोटार दुभाजकाला धडकून रस्त्याकडेच्या चारीत डाव्या अंगावर पडली आहे. आत एकच प्रवासी होत्या, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ड्रायव्हर केम गावचा, पस्तिशीतला. कपाळातून रक्त वाहत असताना त्यानेच बाईंना बाहेर काढलं होतं.

त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगून टाकतो. रस्ता तुंबला होता, माझी माणसं जखमींना हलवण्यात गुंतली होती. तेवढ्यात गाडीचा मालक स्वतःची क्रेन घेऊन हजर झाला आणि म्हणाला, "साहेब, गाडी माझ्या नेहमीच्या गॅरेजला नेऊन ठेवतो. पंचनामा उद्या तिथंच करा." डावी चाकं चारीत रुतलेली होती, ती न बघताच मी हो म्हटलं. अपघाताची गाडी एक रात्र मालकाच्या हवाली करायची नसते, हे नव्या शिपायालाही कळतं.

इस्पितळात ड्रायव्हरचा जबाब घेतला. तो एकच सांगत होता. "डावीकडचा पुढचा टायर फुटला, साहेब. दोन म्हैनं झालं मालकास्नी सांगतुय, टायर गुळगुळीत झाल्यात, बदला. दिवाळीला बघू म्हन्ले."

मालकाचं म्हणणं नेमकं उलटं. "टायर नवे आहेत, हवं तर बघा. ह्या पठ्ठ्याला डुलकी लागली. गाडीचा फुल विमा आहे, कागद सगळे चोख आहेत."

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो, तर चारही टायर खरोखरच नवे कोरे. मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक आणि स्टिअरिंग तपासलं, तेही ठीक. म्हणजे दोष ड्रायव्हरचा. शिक्षिकाबाई गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांना काही सांगता येईना. गाडी जप्त करून ट्रकवर चढवून ठाण्याच्या आवारात आणली आणि ड्रायव्हरवर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवला. तो एवढंच म्हणाला, "लायसन गेलं तर मी काय करू, साहेब? मला दुसरं कायबी येत न्हाय." त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच होता.

खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो, हा माझा अनुभव. या ड्रायव्हरने तीनदा सांगितली, तिन्ही वेळा शब्दाला शब्द तीच. मला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी आमच्या महिला हवालदारांना घेऊन पुन्हा जागेवर गेलो.

चारीपलीकडच्या पडीक रानात एक मेंढपाळ मेंढरं चारत होता. त्याला विचारलं, "परवा तुम्ही इथंच होता का?"

"व्हय की. आदी फाटकन आवाज झाला. मंग गाडी तिरपी झाली. माजी मेंढरं पार तितं वड्यापत्तूर उधळली."

"आधी आवाज? नक्की?"

"आवाजानं तर मान वर केली की मी! त्याचं रबाड बी हाय माज्याकडं." त्याने खांद्यावरच्या पिशवीतून रबराची वीतभर लांब पट्टी काढली. "वहाणंला तळ लावाया उचललं व्हतं. पर लई झिजलंय, दोरं वर आल्यात. वहाणंला बी चालायचं न्हाय ह्ये."

मी ती पट्टी हातात घेतली. नक्षीचं नाव नाही, आतले धागे उघडे पडलेले. जे रबर मेंढपाळाच्या पायाला चालत नव्हतं, त्यावर हा मालक माणसं बसवून हमरस्त्यावर धाडत होता. मला भयंकर राग आला. पण रागाने गुन्हा शाबीत होत नाही. हमरस्त्यावर टायरचे तुकडे पैशाला पासरी पडलेले असतात. हा याच गाडीचा कशावरून?

ठाण्यात परतल्यावर हवालदारबाई थेट त्या गाडीपाशी गेल्या आणि पुढच्या चाकापुढे उकिडव्या बसल्या. "साहेब, हितं या. हे चाक रस्त्यावर चाललंच नाही."

टायरच्या खाचेत, जो भाग रस्त्याला घासतो नेमक्या तिथेच, हळदी-कुंकवाचं बोट होतं. वरवर पुसलेलं, पण खाचेत ताजं. शेजारच्या चाकावरही तेच. मी पंचनामा केला तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. घरात चाकांची पूजा तुम्ही पुरुष करता, पण बोट कुठे टेकवलं हे बाईला कळतं, असं त्यांनी मला सुनावलं. 

मालकाला बोलावलं. चहा दिला. दरडावलं अजिबात नाही.

"टायर कधी टाकले?"

"दोन महिने झाले की."

"गाडी किती फिरली त्यावर?"

"पाच-सहा हजार किलोमीटर सहज."

ते जबाबात लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग त्याला गाडीपाशी नेलं. "पाच हजार किलोमीटर फिरून हे कुंकू पुसलं कसं नाही?"

त्याने वाकून ते बोट पाहिलं. मग म्हणाला, "सवय हो, साहेब. नवी वस्तू आली की हात आपोआप जातो."

पुढचं सगळं त्यानेच सांगितलं. झिजलेल्या टायरवर गाडी चालवली म्हटल्यावर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारणार, ही त्याला भीती. ड्रायव्हरची डुलकी ठरली तर दावा मंजूर. म्हणून त्याच रात्री चारही टायर बदलले. फुटलेला टायर गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली सापडला. मेंढपाळाची पट्टी त्याला लावून पाहिली. मोडलेल्या भाकरीचे दोन तुकडे जुळावेत तशी ती जुळली.

ड्रायव्हरचं नाव गुन्ह्यातून निघालं. मालकावर पुरावा नष्ट केल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागला. शिक्षिकाबाईंना भरपाई मिळाली. मालकाचा दावा मात्र कंपनीने फेटाळला, तो फेटाळलाच.

मला नवल वाटतं ते त्या माणसाच्या हिशेबाचं. टायर त्याने शेवटी घेतलेच ना! एकच दिवस आधी घेतले असते तर अपघात बहुधा झालाच नसता, आणि झाला असता तरी विम्याचा दावा ताठ मानेने करता आला असता. लोकांना वाटतं हप्ता भरला की आपण सुटलो. विमा कागदावर असतो, गाडी रस्त्यावर असते. रस्त्यावरची गाडी धड ठेवलीत तरच कागद तुमच्या बाजूने बोलतो. एवढं समजायला मला तीस वर्षं पोलिसात काढावी लागली.

निकालानंतर तो ड्रायव्हर पेढे घेऊन घरी आला. लायसन खिशातून काढून दाखवलं, पाया पडू लागला, मी अडवलं.  जाताना फाटकापाशी तो थबकला. माझी जुनी मोटार तिथेच उभी होती. तो वाकला, मागच्या चाकावरून तळवा फिरवला आणि संकोचून म्हणाला, "साहेब, राग मानू नका. ह्यो डावा बदला."

मी त्याच संध्याकाळी बदलला. कुंकू बायकोने लावलं, गाडी दुकानातून घरी चालवत आणल्यावर.