केराबाईनं नाव घेतलं

आमच्या सासूचं नाव केराबाई. आता त्याबी न्हाईत आन् सासरेबी न्हाईत म्हनून तोंडावर आलं, न्हायतर नांदायला आल्यापास्नं मी कदी 'केर काढते' असंबी म्हनलं न्हाय. झाडलोट करते म्हनायची. सुनेनं सासूसासऱ्याचं, दिराचं नाव घ्यायचं न्हाय. नवऱ्याचं तर मुळीच न्हाय, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, अशी आमच्याकडं समजूत. आन् ही समजूत पाळायला मोहोळापल्याडच्या आमच्या धनगरवस्तीएवढी अवघड जागा दुसरी नसंल. आमचा देव बिरुबा, म्हनून घरटी थोरल्या पोराचं नाव बिरप्पा. माझा सासरा बिरप्पा, शेजारचा बिरप्पा, वरल्या आळीचा बिरप्पा, चुलतसासरा मेला तोबी बिरप्पाच. बायकांनी बोलायचं कसं सांगा. देवालासुद्धा आमी 'माळावरचा' म्हनायचो, कारन त्याचं नाव घ्यायचीबी चोरी.

सासूला मी आत्ती म्हनायची. आत्तींना दुसऱ्याच्या घरात डोकवायची लई खोड. सकाळी भाकरी झाल्या की पदर खोचून निगाल्याच. कुनाच्यात काय शिजलं, कुनाची शेळी व्याली, कुनाची सून माहेरची आठवन काढून रडती, सगळं त्यांना ठावं पायजे. गाडग्यावरची झाकनीबी न विचारता उचलायच्या. शेजारनी माघारी दातओठ खायच्या, समोर मातूर कुनाची बोलायची टाप नव्हती. आन् तोंड असं, की राग आला तरी 'मुडद्या', माया आली तरी 'मुडद्या'च. कुटला मुडदा कंचा ते आवाजावरनं वळखायचं. मला ते शिकायला वरीस गेलं.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या सालचा चैत. माळावरचं कुसळी गवत वाळून कडक झालेलं. दुपारच्याला टेकाडापल्याड धूर दिसला. कुनी म्हनतं बिडीनं लागली, कुनी म्हनतं कुनीतरी मधाचं मव्हाळ काढायला धूर केला व्हता. त्यावर अजूनबी भांडनं होत्यात, मी त्यात पडत न्हाय. बापय मानसं लिंबाचं डहाळं आन् वली पोती घेऊन टेकाडापल्याड पळाली, कारन तिकडं समद्यांच्या कडब्याच्या गंजी. पोरंबाळं, मेंढरं, गुरं ओढ्यापल्याडच्या नांगरटीत हाकलली. तितं ढेकळाबिगर जळायला कायबी नव्हतं. वस्तीत ऱ्हायलो आमी सासुरवाशिनी. माझं दिवस भरलेलं. आत्ती म्हनल्या, तूबी जा नांगरटीत. मी व्हय म्हनलं आन् गेले न्हाय. सासूला मागं टाकून गेले असते तर जलमभर ऐकावं लागलं असतं.

थोड्या येळानं वारं फिरलं. आगीचा एक फाटा टेकाडाला वळसा घालून वस्तीकडं यायला लागला. तवा आत्तींनी पदर खोचला आन् घरटी फिरायला निगाल्या. मी मागनं पोट सावरत.

पयलं घर फुलाबाईचं. ही म्हातारी जात्याला मिठी मारून बसलेली, सासूनं दिलेलं जातं टाकून येत न्हाय म्हनायची. आत्तींनी तिला सांगितलं, की दगड जळत न्हाय, तू जळतीस. तरी उठंना. मग आत्तींनी तिच्या जात्याचा खुंटा उपसला आन् तिच्या हातात दिला. खुंटा पोटाशी धरून म्हातारी गुमान चालायला लागली.

दुसरं घर कस्तुराबाईचं. ही बाहेर आली ती दारातच अडकली. घरातली हुती नव्हती ती सगळी लुगडी एकावर एक नेसलेली. चैताच्या उन्हात, आग अंगावर येत असताना. तिला मी हिकडनं, आत्तींनी तिकडनं वडली तवा कुटं भाईर निगाली. पळता येत नव्हतं, कलंडत कलंडत चालली. हसू आवरता आवरंना, आन् पोटात तर पोर लाथा घालतंय. मी ततंच बसले. आत्तींनी मलाबी मुडदा म्हनलं, आन् तो मायेतला नव्हता.

तिसरं घर निंगव्वाचं. निंगव्वा अक्कलकोटाकडची, अर्दी कानडी अर्दी मराठी बोलायची. तिला पोरबाळ नव्हतं. नवरा बिरप्पाच, दुसरं काय असनार. ती दारात गठुडं बांधून तयारच व्हती. आत्तींनी इचारलं, मालक कुटं हायत. निंगव्वा म्हनली, सगळ्या बापय मानसांसंगं आगीवर गेल्यात. दुसरी कुनी असती तर पुढं गेली असती. आत्ती मातूर सवयीपरमानं घरात शिरल्या, आन् भाईर आल्या त्या तोंड उतरून. खुंटीवर घोंगडी नव्हती.

"निंगव्वा, आग इझवायला घोंगडी कोन नेतंय गं?"

निंगव्वानं गठुडं खाली टाकलं. घोंगडी न्हेली म्हनजे मानूस झोपायला गेलेला. रातभर मेंढरं राखायची आन् दुपारी टेकाडाच्या उतारावर खोपीत जाऊन पडायचं, ही त्याची रीत. मेंढरं आज त्याच्या भावानं हाकलून न्हेली. आगीवर गेलेल्यांना वाटलं बिरप्पा मेंढरांसंगं हाय, मेंढरांवाल्यांना वाटलं आगीवर हाय. आन् त्यो आपला खोपीत घोरत पडलेला.

आमी ओढ्याच्या काठाला पळालो. समोर उतार, उतारावर खोपी, आन् खोपीच्या अलीकडं वाटेवर आग उतरलेली. जायला वाट ऱ्हायली न्हाय. खोपीच्या मागं दगडांची घळ व्हती, त्यातनं मानूस सुखासुखी खाली उतरला असता. पर त्याला जागं कोन करनार? वारं धूर दुसरीकडं न्हेत व्हतं, त्याच्या नाकापतूर वासबी जात नसंल.

मग आमी हाका मारायला लागलो. आन् आमची खरी फजिती ततं झाली. निंगव्वा आपली "रीऽ, रीऽ" करती. कानडी बायका नवऱ्याला तशीच हाक मारत्यात, पर ती हाक चुलीपास्नं वसरीपतूर जायची, माळावर जायची न्हाय. कस्तुराबाई "अहो" म्हनून वरडली. माळावर कुनाच्यातरी बायकोनं "अहो" म्हनलं म्हनून कुटला बापय जागा होतोय? पोरबाळ असतं तर अमक्याचा बा म्हनून तरी हाकारलं असतं. फुलाबाई "निंगव्वाचं मालक" म्हनाली. तिला तेवढं म्हनायला दोनदा दम घ्यावा लागला. मी दगडावर दगड हानला. धनगराचा गडी, मेंढरांच्या घंट्यात झोपायची सवय, त्याला दगडाचं काय.

झोपलेल्या मानसाला त्याचं नावच उठवतं. आन् आमी तितं उभ्या ऱ्हायलेल्यांत एकीलाबी ते नाव घेता येत नव्हतं. फुलाबाईचा दीर बिरप्पा. कस्तुराबाईचा सासरा बिरप्पा. माझाबी सासरा बिरप्पाच. निंगव्वाचा तर नवराच.

आत्ती निंगव्वाला म्हनल्या, तू बायको हायस, तू घे नाव. निंगव्वा रडत म्हनली, त्यांचं आयुष्य कमी होईल. आत्ती म्हनल्या, अगं आयुष्य घटाया आदी ते ऱ्हायला तर पायजे. तरी तिच्या तोंडातनं नाव निगंना. मग आत्तींनीच तोड काढली, की उखान्यात घे. उखान्यात घेतलेल्याचा दोस लागत न्हाय. झालं. समोर माळ पेटलाय, आन् निंगव्वानं डोस्क्यावरनं पदर घेतला, मान खाली घातली आन् सुरू केलं. "काळ्या घोंगडीला पांढरा काठ..." आन् अडली. पुढचं आठवंना. कस्तुराबाई म्हनली, "धनी माझं पुढं, मी त्यांच्या पाठ." फुलाबाई म्हनली, पाठ न्हाय पाठोपाठ म्हन. दोगींची ततंच जुपली. शेवटाला निंगव्वानं नाव घेतलं म्हनं. म्हनं, कारन मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी असून मला ऐकू आलं न्हाय. त्यो तर ओढ्यापल्याड.

तवर गवत तडतडत खोपीच्या कुडाजवळ गेलं व्हतं.

आत्तींनी टेकाडाकडं बघितलं. त्यांचा सोताचा मालक पल्याड आगीत उभा व्हता, आन् त्यांचंबी नाव तेच. ज्या घटकेला त्यो आगीसमोर उभा, त्याच घटकेला त्याचं नाव तोंडावर घ्यायचं म्हनजे काय, ते आमा बायकांना सांगाया नको. सासू वाईट असली तरी सासरा माझा लई गरीब मानूस. आत्तींनी माळावरच्याला हात जोडले आन् म्हनल्या, देवा, ज्याला हाक मारते त्यालाच लागू दे, दुसऱ्याच्या खात्यावर घालू नगंस. मग दोनी हात तोंडाशी लावले.

"ए बिरप्पाऽऽ! उठ रं मुडद्या, जळून मरतुयास!"

सगळ्या वस्तीच्या झाकन्या उचललेली बाई ती. तिचा आवाज तुमाला काय सांगू. ओढ्यातली पाखरं उडाली. आत्तींनी परत हाक मारली, आन् परत मारली. एकदा तोंड बाटलं म्हनल्यावर मग मागं बघितलं न्हाय.

खोपीच्या दाराचं ताटकं उघडलं. घोंगडी डोस्क्यावर घेतलेला बिरप्पा भाईर आला, समोर आग बघितली आन् घळीत घसरला. घळीतनं ओढ्यात आला तवा ढोपरं फुटलेली, पर जिता. मागं खोपीनं पेट घेतला. निंगव्वा धावली, तिनं आदी त्याला दोनी हातांनी बडवला आन् मग रडली. त्यो बावळ्यागत आत्तींकडं बघून म्हनला, "वयनी, मला अरे म्हनलासा?"

त्याला उत्तर द्यायला आत्तींना सवड कुटं मिळाली? टेकाडाच्या दोनी अंगांनी मानसं पळत यायला लागली. हाक टेकाडापल्याडबी गेली व्हती. जेवढे बिरप्पा तेवढे सगळे आले. वरल्या आळीचा आला, कस्तुराबाईचा सासरा काठी टेकत आला, आपआपल्या बायकांकडं बघत, कुनाचं काय जळलं म्हनून. गंजींवर उरला एकटा तात्याबा, त्याचं नाव येगळं म्हनून. त्यानं एकट्यानं पोती आपटून वस्तीचा कडबा वाचवला, आन् मरंपतूर त्येच सांगत ऱ्हायला.

सगळ्यांच्या फुडं माझा सासरा. पागोटं पडलेलं, अर्दी मिशी जळलेली, पायात कुसळं. सासऱ्यांना मी मामा म्हनायची. मामा कदी जोरात चाललेले मी बघितले नव्हते. आत्तींच्या म्होरं येऊन हुभे ऱ्हायले आन् त्यांना वरनं खालपतूर चाचपून बघायला लागले, हात जळला का, पाय जळला का. दम खात म्हनले,

"मला हाक मारलीस?"

आत्ती लाजल्या. मी त्यांना लाजताना पयल्यांदा बघितलं. म्हनल्या, "तुमाला न्हाय. ह्या झोपाळूला."

मामांचं तोंड बघवंना. ते माघारी फिरले आन् आग इझंपतूर डहाळं आपटत ऱ्हायले. आग नांगरटीपाशी येऊन आपोआप मेली. दिस कलायच्या आत कस्तुराबाई लुगडी सोडत बसली आन् फुलाबाई जात्याला खुंटा ठोकून परत दळायलाबी लागली.

मामा मातूर घरात येईनात. भाईर दगडावर पाठ करून बसले. वरल्या आळीचे बिरप्पा जाताजाता चेष्टा करून गेले, की अरं, बायको हाक मारती की. आत्तींनी भाकरी वाढली, दारातनं "अहो, चला" म्हनल्या. मामा हालले न्हाईत. परत म्हनल्या. तरी न्हाय.

तवा मामा तिकडं तोंड ठेवूनच बोलले. "लगीन झाल्यापास्नं म्हनतोय, एकदा उखान्याबिगर नाव घे. घेतलं न्हाईस. आन् आज घेतलंस ते दुसऱ्याच्या नवऱ्यासाटी. वर मुडद्या म्हनून."

आत्तींनी हिकडं तिकडं बघितलं. मी गोठ्यात शेनाची पाटी घेऊन हुभी, मला काय त्यांनी बघितलं न्हाय. त्या मामांच्या जवळ गेल्या, पदर डोस्क्यावर घेतला आन् हळू म्हनल्या, "बिरप्पा, भाकरी निवाया लागली."

मामा म्हनले, "एका दिसात किती येळा घेतलंस. माझं आयुष्य काय ऱ्हायलं गं आता?"

"माझ्यातलं घ्या की," आत्ती म्हनल्या. "तुमच्यामागं ऱ्हाऊन मला काय करायचंय."

मामा उठले, घंगाळातलं पानी हातावर घेतलं, आन् आत्तींच्या मागनं घरात गेले. मी पाटी घेऊन ततंच हुभी. भाईर कसं यावं मला कळंना.