तेवीस नंबरचा झगा

सगळी गल्ली तिला फौजदारबाई म्हणायची. कपडे धुण्याचा धंदा, पण नजर चौकशीची. साबण घेतला की आधी हुंगायची, मग नखानं खरवडायची, आणि दुकानदार "नेहमीचाच आहे हो" म्हणाला की तिचा संशय दुप्पट व्हायचा. नवरा इस्त्री करायचा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी त्यानं घडी घातलेली चादर ती एकदा उलगडून बघायचीच.

"आत चोर नाही गं, चादरच आहे," तो म्हणायचा.

अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीनं एके दिवशी जेवता जेवता सांगितलं, "आई, मी मठात जातेय." साधासुधा मठ नव्हे. एकदा आत गेलेली सिस्टर पुन्हा बाहेर येत नाही, असा. फौजदारबाईंनी लेकीची पिशवी तपासली, उशी चाचपली, पुस्तकं झटकून बघितली. कुणी फितवलं त्याचा माग काही लागला नाही. लेक गेली. बाई तीन आठवडे देवाशीसुद्धा धड बोलल्या नाहीत. मग एका सकाळी त्या उठल्या, पदर खोचला आणि मठाच्या दारात जाऊन म्हणाल्या, "तुमचे कपडे मी धुवीन."

दारावरच्या सिस्टरला आनंदच झाला. आतल्या बऱ्याच जणी म्हाताऱ्या झाल्या होत्या, ओले झगे पिळवत नव्हते. तिनं बाईंना बाकावर बसवलं आणि मठाची गोष्ट सांगितली. पंधराशे वर्षांपूर्वी एका साधूनं नियम लिहून ठेवला होता. प्रार्थना करायची, हातांनी काम करायचं, स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही. पुढे लोक सैलावले, तेव्हा काही जण दलदलीत जाऊन राहिले, चिखल उपसला, शेती केली आणि तोच नियम पुन्हा धरला. त्यांच्याच वळणाचा हा मठ.

"प्रत्येकीला दोनच झगे," सिस्टर म्हणाली. "एक अंगावर, एक धुण्यात. तेही नियमातच आहे."

घरी आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "पंधराशे वर्षं टिकलंय म्हणजे काहीतरी लपवत असणार."

"धुणं मिळालं ना?"

"मिळालं."

"मग लपवलेलं तुझ्याच टबात येईल. बघ धुऊन."

आणि खरंच तसं झालं. मठाच्या दाराशेजारच्या भिंतीत एक गोल लाकडी कपाट बसवलेलं होतं. आतून गाठोडं ठेवायचं, कपाट फिरवायचं, बाहेर घ्यायचं, कुणी कुणाला दिसत नाही. दर मंगळवारी गाठोडं यायचं. प्रत्येक झग्याच्या गळ्याला आतून कापडी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्यानं आकडा. लेक सगळ्यांत नवी, म्हणून तेवीस. बाकीचे बावीस झगे बाई न बघता टबात टाकायच्या. तेवीस मात्र उजेडात धरायच्या. घेराला माती, म्हणजे या आठवड्यात बागेत काम होतं. बाहीला पीठ, म्हणजे पाव भाजायला लावली. एकदा गुडघ्यावर मेणाचे थेंब होते, तर बाई दिवसभर कुरकुरल्या, "मेणबत्त्या धरायला दुसरी कुणी नाही का?" फाटलेलं ठिकाण लेकीनं स्वतः रफू केलेलं असायचं. लेक डावखुरी, त्यामुळे टाके उलटीकडे कललेले. असं लेकीचं वर्तमान बाईंना दर मंगळवारी मिळत होतं. माळ जपताना त्या म्हणायच्या, "प्रभू, तुझ्यावर विश्वास आहे. तुझ्या माणसांवर तेवढी नजर ठेवते."

तीन वर्षं गेली. मग ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस लागले. या दिवसांत मठात भेट नाही, पत्र नाही. आणि नेमक्या त्यातल्या दुसऱ्या मंगळवारी गाठोड्यात तेवीस नंबर नव्हता.

बाईंनी दोनदा मोजलं. बावीस. दारावर जाऊन विचारलं, "एक कमी आहे का हो?"

"नाही, बावीसच," सिस्टर म्हणाली आणि बोटानं ओठ दाबून आत गेली. उपवासात त्या नेहमीपेक्षाही कमी बोलतात.

पुढच्या मंगळवारीही तेवीस नाही. बाई गाठोड्यासमोर फतकल मारून बसल्या.

"दोनच झगे असतात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एक अंगावर, एक धुण्यात. दोन आठवडे धुण्यात नाही, म्हणजे अंगावरही नाही."

"अगं, आजारी असेल. नाहीतर स्वतः धुतला असेल."

"आजाऱ्याचे कपडे जास्त येतात, कमी नाही. मला शिकवू नका."

"मग सरळ विचार ना त्यांना."

"खरं सांगतील?"

नवऱ्यानं इस्त्री उभी करून ठेवली. तेही बाईंना संशयास्पद वाटलं.

धुतलेले कपडे द्यायला गेल्या तेव्हा कपाट फिरलं आणि त्यात एक झाकलेलं ताट आलं. पाव, उकडलेल्या भाज्या, एक सफरचंद. दारावरची सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "आज तुम्हीच आधी आलात, तर हे तुम्ही घ्या. आमच्यातली एक देवाघरी गेली. तीस दिवस तिचं ताट वाढतो, जेवणघरात तिच्या जागी क्रूस ठेवतो, आणि तिचा वाटा दाराशी येईल त्याला देतो."

जगभर चौकशा करणाऱ्या बाईंना एक शब्द विचारता येईना. कोण, एवढाच शब्द. विचारलं तर उत्तर मिळेल, हीच भीती. ताट तिथंच ठेवून त्या चालू लागल्या. मागून सिस्टर म्हणत होती, "अहो, थांबा तरी!"

चौथ्या मंगळवारी गाठोडं आलं ते बाईंनी तसंच टबात उपडं केलं. आता बघायचं काय उरलं होतं? पण हाताची सवय जाईना. एक बाही पिळताना बोटांना रफू लागली. उलटीकडे कललेले टाके. बाईंनी झगा पाण्यातून ओढून काढला, गळा उलटा केला. पट्टी नवी कोरी, दोरा लालभडक, आकडा बावीस.

बावीस नंबरची सिस्टर उंच, तिचा झगा हातभर लांब, एवढं न बघताही त्यांना ठाऊक होतं. आणि हा तर आखूड.

"माझ्या पोरीचा झगा दुसरीला घातला," त्या किंचाळल्या. "पट्टीसुद्धा बदलली! पुरावा मिटवला!"

"पाणी तरी निथळू दे," नवरा म्हणेपर्यंत त्या रस्त्यात होत्या, हातात ओला झगा, मागे पाण्याची धार.

दारावरच्या सिस्टरनं झगा बघितला, बाईंचा चेहरा बघितला, आणि तिला एकदम उमगलं. ती मटकन बाकावर बसली.

"अरे देवा! मावशी, तुम्ही नंबर बघत होता? अहो, आमच्यात वय बघत नाहीत, आत पाऊल कधी टाकलं ते बघतात. सकाळी आली ती मोठी, दुपारी आली ती धाकटी, मग दुपारची सत्तर वर्षांची का असेना. प्रार्थनेला उभं राहणं, जेवायला बसणं, धुणं, सगळं त्याच क्रमानं. चार नंबरच्या सिस्टर गेल्या. नव्वदीला आल्या होत्या. मग पाचची चार झाली, सहाची पाच. सगळ्या एकेक वर सरकल्या. तुमची तेविसाची बावीस झाली. नवीन कुणी येईपर्यंत तेवीस रिकामाच."

"म्हणजे ती आहे?"

"आत्ता पाव भाजतेय."

बाईंनी श्वास सोडला, पण निम्माच. "दाखवा."

"उपवास संपल्याशिवाय नाही दाखवता येणार, मावशी."

"बरं," बाई म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी झगा धुतला, वाळवला, आणि इस्त्रीच्या आधी डाव्या बाहीची शिवण कात्रीनं चार बोटं उसवली. नवरा बघत राहिला.

"गिऱ्हाइकाचे कपडे फाडतेस?"

"चौकशी चालू आहे."

पुढच्या मंगळवारी बावीस नंबरचा दुसरा झगा आला. घेराला माती. बाईंनी तो आठवडा कसाबसा ढकलला. त्याच्या पुढच्या मंगळवारी उसवलेला झगा आला. बाहीला पीठ होतं. शिवण मिटलेली होती, टाके एकामागे एक, सगळे उलटीकडे कललेले, आणि शेवटी दुहेरी गाठ. ती गाठ बाईंनीच तिला आठव्या वर्षी शिकवली होती. त्यांनी झगा तोंडाला लावला.

"काय म्हणतो पुरावा?" नवऱ्यानं विचारलं.

"दोरा जाड वापरलाय," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "सुई तरी बारीक देतात की नाही, कुणास ठाऊक."

कपडे द्यायला गेल्या तो ताटाचा तिसावा दिवस होता. त्यांनी स्वतःच मागितलं. मठाच्या भिंतीलगतच्या बाकावर बसून ताट मांडीवर घेतलं, क्रूसाची खूण केली, आणि आठवायला लागल्या, चार नंबरचा झगा कसा होता? तीन वर्षं हातातून गेला होता. माती होती का त्याला? पीठ होतं का? आठवेना. खूप ताण दिला तेव्हा एवढंच आठवलं, की कोपरावर ठिगळ होतं आणि त्या ठिगळावर आणखी एक ठिगळ.

बाईंनी पावाचा तुकडा मोडला. हुंगला नाही, तसाच खाल्ला.