गाणं उघडं असताना

साळ्याचा दात मी पाडला तो चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांच्या घाईत.

नालवाडीत माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे. गाणं जुळवायचं सॉफ्टवेअर बायकोच्या धाकट्या भावानं लिहून दिलेलं. त्यात एक खोट होती. सगळे आवाज एकत्र करून पूर्ण गाणं बाहेर काढलं की दुसऱ्या कडव्यानंतर कोरस अर्धी मात्रा मागे पडायचा. मी दर वेळी हातानं ओढून बसवायचो आणि साळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. त्याच पिढ्या बायकोच्याही, हे तिनं डोळे वटारल्यावर ध्यानात यायचं.

तो म्हणायचा, दोन दिवस मशीन मोकळं द्या. आणू कुठून दोन दिवस? एकाची ढोलकी होते तोवर दुसऱ्याचा कोरस दारात उभा. संपलेलं गाणंही संपत नाही. महिन्याभरानं गाणारा परत येतो, माझा आवाज थोडा वाढवा म्हणतो, की उघडा पुन्हा. आणि आमच्यात नियम असा, की गाणं उघडं असताना मशीनला हात लावायचा नाही. गाणं तर कायम उघडंच. म्हणून दुरुस्ती आधी जयंतीनंतर, मग लग्नसराईनंतर, अशी दोन वर्षं ढकलली.

मग सिंदी मेघेच्या एक बाई आल्या. दर जयंतीला गाणाऱ्या. गळ्यात गाठ होती, चार दिवसांनी ऑपरेशन. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

"एक गाणं तरी राहू द्या माहं," म्हणाल्या, आणि एका दमात गाऊन गेल्या.

बाहेर काढून ऐकलं, तर कोरस मागेच. माझं डोकं सणकलं. बाहेर काढलेलं ते तिथंच पुसून टाकलं. साळ्याला फोन करून म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये आणि कर एकदाचं दुरुस्त. आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, गाण्याची कॉपी काढून ठेवली काय. मी हो म्हणालो. काढली नव्हती.

त्याला तीन दिवस लागले. कोरस बरोबर बसला. पण दुरुस्त केलेल्या सॉफ्टवेअरनं गाण्याची जुनी फाईल परत लिहिली होती, आणि तिच्यात बाईंचा आवाजच नव्हता. तोवर बाई दवाखान्यात भरती झालेल्या.

मी माईकचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात फरशीवर पडला. तो खाली बसला तशा मी लाथा घातल्या. तोंडातून रक्त गळत असताना तो म्हणाला, "तुमी त हो म्हणालते न, भाऊजी."

त्यावर अजून एक लाथ घातली.

पंधरा दिवसांनी बाई नवऱ्याबरोबर आल्या. गळ्याला पट्टी होती. नवऱ्यानं गाणं मागितलं. मी माईकची वायर गुंडाळत बसलो. मशीनवर बसलेल्या साळ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या बहिणीचा नवरा ना मी!

"गाणं पुसल्या गेलं. चूक माही आहे, काका," तो म्हणाला.

नवऱ्यानं त्याची कॉलर धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. ओठाची जखम पुन्हा फुटली. बाई नवऱ्याच्या हाताला लोंबकळल्या, थांबवायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. तशाच तोंडानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला बोलता येत होतं. मी बोललो नाही.