काळ्या कापडाला तीट

इंदिरानगरमधल्या एका बंगल्याच्या मागे पत्र्याची शेड होती. शेडच्या पुढच्या भागात शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत मी. माझं गाव चंद्रपूरच्याही पलीकडे. आई आजारी पडली तेव्हा आठवीतच शाळा सुटली आणि पुढे शिवणकामच काय ते हाती राहिलं. बंगल्यातल्या काकूंनी मला पडदे शिवायला ठेवलं होतं. पडदे संपल्यावर 'आता जा' असं म्हणायचं त्या विसरल्या. आपण विसरलोय हे त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी कितीतरी दिवस त्यांच्यासमोर फार वेळ थांबत नसे.

काका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उजेड पिऊन टाकणारा काळा रंग करायचा, हा त्यांचा ध्यास. शेडमध्ये बरण्याच बरण्या. त्यातल्या पाण्यात कापड बुडवलं की ते काळं व्हायचं, पण छत्रीच्या कापडाइतकंच. काका दिवसभर चष्मा वरखाली करत त्याच्याकडे बघत बसायचे.

काकूंचं माहेर पंचवटीतलं. वडील यात्रेकरूंच्या पूजा सांगायचे आणि घराण्यातले दृष्ट काढायचे शब्द काकूंकडे आलेले. एकदा चहा द्यायला आल्या आणि म्हणाल्या, इतकं टक लावून बघितल्यावर चांगल्या मुलालासुद्धा ताप येतो, ही तर बिचारी बरणी आहे. तिथेच त्यांनी ते शब्द पुटपुटत मीठ-मोहरी ओवाळली, दिव्यावर ताट धरून काजळी जमवली आणि ती बरणीत झटकली. काका ओरडायच्या बेतात होते, तेवढ्यात बरणीतलं पाणी दिसेनासं झालं. पाणी होतं, पण तिथं नुसतं भोक पडल्यासारखं वाटत होतं.

त्यात बुडवलेलं कापडही तसंच निघालं. तेव्हापासून कापड दोघांचं झालं आणि भांडणही. काका म्हणायचे, ही रासायनिक प्रक्रिया आहे, मोहरी निमित्तमात्र. काकू म्हणायच्या, मग करा की मोहरीशिवाय. ते शब्द कोणते हे काकांना लिहून हवं होतं. काकू सांगेनात, कारण सांगितले की शब्दांचा गुण जातो. मग काका स्वयंपाकघराच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि आतून फोडणीचाच वास यायचा.

त्या कापडावर शिवण घालणं म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसून बटण लावण्यासारखं. घडी दिसायची नाही, सुरकुती दिसायची नाही. कडेला हळदीच्या रंगाचा दोरा घालून कापड कुठं संपतं ते मी ठरवायचे. जमिनीवर पसरलेलं असलं की दूधवाला त्याच्यावरून उडी मारून जायचा, आणि मांजर लांबून वळसा घ्यायचं. चार वाजताच शेडमध्ये ट्यूब लावावी लागे आणि तिचाही उजेड कापड पिऊन टाकायचं. शेजारच्यांच्या टीव्हीचा निळा उजेड आमच्या खिडकीतून यायचा, तोही भिंतीपर्यंत पोचायचा नाही. काकूंना तांदूळ निवडायला अंगणात जावं लागायचं. काका मात्र खूश.

मग एक दिवस काका जेवताना म्हणाले, निफाडचे एक बागायतदार कापड बघायला तयार आहेत. उन्हानं द्राक्षाचे घड भाजतात म्हणून ते जुन्या साड्या बांधतात, त्याऐवजी हे. त्यांनी घेतलं तर काम चालू. नाहीतर आता पुरे, शेड रिकामी करून भाड्यानं द्यायची. काकूंनी माझ्या पानात आणखी भात वाढला. शेड रिकामी करायची म्हणजे मीही त्यात आलेच. गावाकडे भाऊ-वहिनी आहेत, वाईट नाहीत, पण तिथं ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका त्याच त्या, आणि त्यांच्याकडे आता रेडिमेड.

निफाडला गाडीत मी मागे कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. काकू वाटभर मला धीर देत होत्या आणि स्वतः वेलदोडे चघळत होत्या. डबी रिकामी झाली.

बागेत एका ओळीवर कापड टाकलं. भर दुपार, आणि ती ओळ कुणीतरी खोडरबरानं पुसून टाकावी तशी नाहीशी झाली. कामावरच्या बाया बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही याच्याखाली जाणार नाही म्हणाल्या. त्यातली एक म्हणाली, गेलेली बाई परत आली नाही तर हजेरी कोण लावील. बागायतदार मात्र वाकून आत शिरले, हात लांब करून घड चाचपले आणि बाहेर आले.

"सर, थंडगार हाय आत. ऊन लागायचं नाय घडांना," ते म्हणाले. "पण उजेडच नाय लागला तर साखर कुठून भरायची? आंबटढाण माल निघंल."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. इतक्या दिवसांत त्यांनी द्राक्षाचा विचारच केला नव्हता, फक्त काळ्याचा केला होता. काकू दुसरीकडे बघू लागल्या. आता उद्या शेड झाडायला घ्यायची, हे मला तिथंच कळलं. मी गठ्ठा बांधायची दोरी शोधू लागले.

बागायतदारांची म्हातारी आई खुर्चीवर बसून पान जमवत होती. तिचं लक्ष बोलण्याकडे नव्हतं. बांधावर बायांचा घोळका, पलीकडच्या रानातली माणसंही आलेली, सगळे त्या कापडाकडे डोळे फाडून बघताहेत, हे तिला आवडलं नाही. ती उठली, बोटावर चुना घेतला आणि कापडाच्या कोपऱ्यावर एक ठिपका लावला.

"लय गुणाचं कापड हाय," ती म्हणाली. "लोकांची नजर चांगली नसती. काळ्याला काळी तीट दिसायची नाय, म्हून चुन्याची लावली."

काकूंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या शब्दांनी कापडाला सांगितलं होतं, अंगावर येईल ते घे. तीट सांगते, काही घेऊ नको. दोन्ही ऐकायचं म्हणजे कापडानं करायचं काय? त्यानं घेतलेलं परत द्यायला सुरुवात केली.

आधी ओळीखाली ट्यूबलाइट लागली. आमच्या शेडमधलीच, लागण्याआधी फडफडते तशी फडफडून. मग शेजारच्यांच्या टीव्हीचा निळा उजेड घडांवरून हलत गेला. बांधावरच्या बाया पुढे आल्या, कोणती मालिका आहे ते ओळखायला. त्यानंतर चार वाजताचं पिवळं ऊन आलं, कितीतरी दुपारांचं साठलेलं, पण मऊ, हात शेकावा असं. प्रत्येक मणी आतून दिसायला लागला. काका ओळीखाली जाऊन मांडी घालून बसले आणि बाहेर यायलाच तयार होईनात.

बागायतदार बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, दुपारचं भाजणारं ऊन हे पिणार आणि नंतर असं हळूहळू देणार असलं तर मला सगळ्या बागेला पाहिजे. फक्त हा ठिपका टिकायला हवा, औषध फवारलं की चुना धुऊन जाईल.

यावर काकूंचं आणि म्हातारीचं जुंपलं. तीट बोटानंच लावायची असते, असं म्हातारीचं म्हणणं. काकू म्हणत होत्या, माझे शब्द मोडायचे तर निदान मला विचारून मोडा. मी पदराला टोचलेली सुई काढली, गठ्ठ्याच्या पिशवीतला पांढरा दोरा ओवला आणि कापडाच्या दुसऱ्या टोकाला एक ठिपका भरून काढला. घाईत तो गोल न होता चिंचोक्यासारखा झाला. काही होईना. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नुसतं शिवून काय हुतंय पोरी? माया करून म्हन, नजर लागू नये म्हून."

मी मनात म्हटलं. कापडासाठी म्हटलं की स्वतःसाठी, ते आता सांगता येत नाही. त्या टोकाखाली आधी थोडं उजाडलं, मग चांगलंच.

कापड नेहमीसारखं घडी करून मी बांधत होते तेव्हा बागायतदार माझ्याजवळ आले. ताई, तुमचं गाव लांब आहे म्हणे, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

"मधेच गावी निघून जाऊ नका बरं का," ते म्हणाले. "एवढी बाग हाय. हे ठिपके दुसऱ्या कुणाकडनं व्हायचे नाय."

काकूच मधे बोलल्या, ती कुठं जाते, तिचे अजून पडदेसुद्धा झालेले नाहीत. पडदे होऊन वर्ष उलटलं होतं. मी गठ्ठ्याच्या दोरीची गाठ आवळली.

संध्याकाळी भावाला फोन केला. यंदा येणं होणार नाही, काम खूप आहे, असं सांगितलं. कसलं काम, त्यानं विचारलं. मी म्हटलं, काळ्या कापडाला पांढरे ठिपके द्यायचे.

"जेवाले तर भेटते ना बाई?" तो म्हणाला.

मी म्हटलं, भेटते, लय वाढतात.